आठ महिने बुलेट चालवल्यावर: लायसन्स, विमा आणि एक लेग गार्ड

गाडी घेतली गुढीपाडव्याला, ३० मार्च २०२५. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०, म्हणजे बोलीभाषेत बुलेटच. सप्टेंबरात ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला तेव्हा जीव चांगलाच जळला, पण तो विषय इथे नको.

गाडीबद्दल लिहिणारे खूप आहेत. मी कागदांबद्दल लिहितेय, कारण माझी खरी फजिती तिथेच झाली.

माझ्याकडे कॉलेजपासूनचं लायसन्स आहे, पंधरा-सोळा वर्षं स्कूटी चालवतेय. शोरूममध्ये त्याची झेरॉक्स दिली, पैसे भरले, हार घातला, पेढे वाटले. कुणी हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी किल्ली घ्यायला गेले तर दीर म्हणाले, "वहिनी, आधी लायसन्स दाखवा." कार्डावर एमसीडब्ल्यूओजी. म्हणजे विनागियर. बुलेटसाठी एमसीडब्ल्यूजी लागतं. या गाडीपुरती मी बिनलायसन्सचीच.

आणि गंमत म्हणजे शोरूमने विम्यात माझ्याकडून मालक-चालकाच्या १५ लाखांच्या अपघात कव्हरचे पैसेही घेतले होते. त्या कव्हरची अटच अशी, की मालकाकडे त्या गाडीचं वैध लायसन्स हवं. म्हणजे माझं काही बरंवाईट झालं असतं तर तो कागद घरच्यांच्या काही कामाचा नव्हता. दुसऱ्या कुणाला माझ्याकडून लागलं असतं तर कंपनीने त्याला भरपाई देऊन नंतर ती माझ्याकडून वसूल केली असती, हे वेगळंच.

तर मग पुन्हा पहिल्यापासून. जुन्या लायसन्सवर नवा वर्ग वाढवायचा, त्यासाठी आधी कच्चं लायसन्स. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर आधारचा ओटीपी टाकला, घरबसल्या झालं. एजंटकडे जायची गरज नाही, हे मी शपथेवर सांगते. ते सहा महिने चालतं, पण पक्क्यासाठी तीस दिवस थांबावंच लागतं. तोवर पुढेमागे लाल एल आणि मागे शिकवणारा सोडून कुणी बसायचं नाही. रोज सकाळी सहाला घरामागच्या मैदानावर दीर विटा मांडून ठेवायचे. त्यांचं एकच पालुपद: "क्लच एकदम सोडू नका, अर्धा धरा, मागचा ब्रेक हलका दाबून ठेवा."

टेस्टला पहिल्यांदा नापास. आठचा आकडा काढताना दुसऱ्या वळणावर नजर पुढच्या चाकावर गेली आणि पाय टेकला. जवळजवळ दोनशे किलोची गाडी आहे, ती एकदा कलली की हाताने सावरत नाही. सात दिवसांनी परत गेले. चाकाकडे न बघता जिकडे वळायचं तिकडे बघत राहिले. पास.

आता विमा. शोरूमवाला म्हणाला, "मॅडम, पाच वर्षांचा आहे, बघायलाच नको." अर्धं खरं. नव्या दुचाकीला सप्टेंबर २०१८ पासून थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा, पाच वर्षांचा घ्यावाच लागतो. माझ्या गाडीच्या गटात तो ७,३६५ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग फक्त एका वर्षाचा असतो. तो दरवर्षी आपण भरायचा. 'पाच वर्षांचा आहे' म्हणून निवांत बसलेले दोघे जण माझ्याच सोसायटीत निघाले.

ऑगस्टमध्ये यवतेश्वर घाटात, ओल्या वळणावर पुढचा ब्रेक जोरात दाबला आणि उजवीकडे आडवी झाले. वेग कमी होता, गुडघा खरचटला तेवढंच. ब्रेकचा लिव्हर, इंडिकेटर, सायलेन्सर, टाकीला पोचा. क्लेम टाकला. नुकसान तपासायला विमा कंपनीचा सर्व्हेयर आला, गाडीकडे बघायच्या आधी लायसन्स मागितलं, वर्ग बघितला, तारीख बघितली. मी मनातल्या मनात दिरांच्या पाया पडले.

बिल ११,४००. त्यात लेग गार्डचे, म्हणजे पायांपुढच्या संरक्षक दांडीचे, ३,२०० सरळ उडवले. का? तो शोरूमनेच बसवला होता, पण पॉलिसीत ॲक्सेसरी म्हणून लिहिलाच नव्हता. प्लास्टिकचे भाग १,४०० चे, त्यांचे निम्मे कापले. गाडी सहा महिन्यांच्या आतली, म्हणून धातूच्या भागांना घसारा लागला नाही. वरचे शंभर रुपये सक्तीची वजावट. हातात ७,४००. क्लेम केल्यामुळे पुढच्या वर्षीची २० टक्के नो क्लेम सूट गेली, पण ती नुकसानीच्या हप्त्यावरच असते, माझ्या बाबतीत साधारण पाचशे रुपये. तेव्हा हा क्लेम परवडला. नुसता लिव्हर तुटला असता तर केला नसता.

मार्चअखेरीला रिन्यूअल आहे. या वेळी लेग गार्ड पॉलिसीत लिहून घेणार. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, घ्यायचं की नाही यावरून दिरांशी वाद चालू आहे, त्यांचं म्हणणं, "वहिनी, आता पडणारच नाही ना तुम्ही!"