तुरुंगातून सुटणाऱ्या माणसाला बाहेर पुन्हा नीट उभं राहायला जी मदत लागते, ती तुरुंगाच्या आतच सुरू करायची की सुटल्यावर?

दोन पद्धती आहेत. एकीत सोशल वर्कर सुटकेच्या काही महिने आधीच आत जाऊन भेटायला लागतो, आणि दुसरीत माणूस सुटला की बाहेरच्या संस्थेकडे स्वतः जाऊन नाव नोंदवायचं.

मला पहिली जास्त पटते कारण सुटकेचे पहिले दिवस फार धोक्याचे असतात, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या कैद्यांवरचा 2007 चा अभ्यास आहे त्यात पहिल्या 2 आठवड्यांत मृत्यूचा धोका इतर लोकांच्या जवळपास 13 पट निघाला आणि सगळ्यात मोठं कारण ड्रग्ज ओव्हरडोस, म्हणजे आत असताना शरीराची सवय मोडलेली असते आणि बाहेर आल्यावर माणूस जुनाच डोस घेतो. अशा वेळी ऑफिस शोधत फिरा, फॉर्म भरा, पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट घ्या, हे कसं जमणार? ओळखपत्र, राहायची जागा, चालू असलेली औषधं हे सगळं आधीच बघून ठेवता येतं, आणि गेटवर घ्यायला ओळखीचा माणूस असतो, हे तर फारच मोठं आहे!

पण दुसरीतही दम आहे हां. आत असताना माणूस मोकळं बोलत नाही, वर्कर तुरुंगाचाच माणूस वाटतो. शिवाय नोकरीत नकार, घरच्यांचा अबोला हे खरे प्रॉब्लेम बाहेर आल्यावरच कळतात.

एकच निवडायची तर मी पहिली निवडेन, फक्त तोच वर्कर सुटकेनंतरही काही महिने सोबत राहिला पाहिजे, मध्येच माणूस बदलला की परत पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागतं आणि बरेच जण तिथेच यायचं सोडतात.