कूलर लाइन गळतेय: रबरी तुकडा की नवी नळी?

कूलर लाइन म्हणजे गिअरबॉक्सचं तेल थंड व्हायला रेडिएटरपर्यंत नेणारी धातूची नळी. ती गळून जुन्या ऑटोमॅटिक गाडीखाली लालसर तेलाचा डाग दिसला की कोल्हापूरच्या उद्यमनगरात दोन सल्ले मिळतात. गंजलेला भाग कापून मध्ये रबरी होज घाला, नाहीतर गिअरबॉक्सपासून रेडिएटरपर्यंत अख्खी लाइनच नवी टाका.

होजचं काम झटपट आणि थोडक्या पैशांत उरकतं. पण होज ट्रान्समिशन ऑइलसाठीचाच, म्हणजे गिअरबॉक्सच्या तेलासाठीचाच हवा. पाण्याचा रबरी पाइप गरम तेलानं फुगतो, मऊ पडतो. शिवाय नळीच्या कापलेल्या टोकाला होज अडकून राहील असा गोल उभार काढलेला नसेल तर क्लिप कितीही आवळा, दाबानं होज निसटू शकतो. गगनबावड्याच्या घाटात तेल वाहून गेलं तर गिअरबॉक्सच जातो, मग वाचवलेल्या पैशांना काय चाटायचंय? एकाच जागी गंज आणि बाकी नळी ठणठणीत, तरच हा मार्ग.

नळीवर गंजाचे खवले जागोजागी सुटत असतील तर मी सरळ नवीच टाकेन. स्टील मजबूत, पण वळवायला अवघड. तांबं-निकेलची नळी हातानं वळते, सहजी गंजत नाही. महाग पडते एवढंच. साधं तांबं मात्र नको, हादऱ्यांनी तडकतं.

काहीही करा, तेल गाडीच्या पुस्तकात दिलेल्याच ग्रेडचं भरा.