विमानाभोवती झटका मशीन: ओकावांगोतला आठ महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीत घेतलेलं विजेच्या कुंपणाचं मशीन, आता ऑक्टोबर संपत आला. जुलैमध्ये मी याला दोन तारे देऊन 'घेऊ नका' असं लिहिलं होतं. ते आज बदलतोय. अर्थिंगच्या, म्हणजे जमिनीत ठोकायच्या खुंटीवरचा राग मात्र तसाच आहे.

मी बोत्स्वानात, माउन गावाहून सेसना २०६ हे छोटं विमान उडवतो. ओकावांगो नदीच्या डेल्टातल्या (त्रिभुज प्रदेशातल्या) पर्यटक कॅम्पांवर पाहुणे, भाजीपाला, सुटे भाग पोचवायचे. तिथल्या मातीच्या धावपट्ट्यांना दिवे नसतात. सूर्य मावळायच्या आत परतणं जमलं नाही, तर विमान तिथंच आणि आपण कॅम्पवर. रात्री ठिपकेदार तरस येतात आणि टायर चावतात. आपल्याकडचा तरस पट्टेरी. हा त्याहून थोराड, टोळीनं फिरणारा, हाडं फोडून खाणारा. त्याच्या दातांपुढे टायर काय टिकणार! जानेवारीत माझ्या पुढच्या चाकाचा टायर असाच गेला. दुसऱ्या विमानानं टायर आणि मेकॅनिक येईपर्यंत दीड दिवस विमान जागेवर.

इथली जुनी रीत म्हणजे चाकांभोवती काटेरी फांद्या रचायच्या. उपाय चांगला आहे, फुकट आहे. पण बोटभर लांबीचे काटे वाळूत गळून पडतात. सकाळी फांद्या ओढून जागा झाडावी लागते, आणि एक काटा नजरेतून सुटला की टायर पुन्हा पंक्चर. अलास्कात वैमानिक अस्वलांसाठी विमानाभोवती विजेचं कुंपण लावतात, हे माहीत होतं. शिवाय पाटण खोऱ्यात आमच्या शेताला रानडुकरांसाठी झटका मशीन आहेच. म्हणून दक्षिण आफ्रिकेतल्या एका विक्रेत्याकडून बॅटरीवरचं छोटं मशीन मागवलं, स्वतःच्या पगारातून.

उरलेल्या पावसाळ्यात मशीननं मन जिंकलं. इथला पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च. सात मुक्काम झाले, टायरला ओरखडा नाही. एका रात्री तरस तारेला लागून ओरडत पळाल्याचं कॅम्पच्या पहारेकऱ्यानं सांगितलं, तेव्हा पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

जूनच्या अखेरीस, ख्वाई नदीच्या बाजूच्या एका मुक्कामी, तार शाबूत आणि उजवा टायर फाटलेला. मशीनचा दिवा लुकलुकत होता, टिकटिक चालू होती. मीटरची सळई वाळूत खोचून मोजलं तर जेमतेम १२०० व्होल्ट. विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं, 'तार गवताला लागत असेल.' तिथं गवत नव्हतंच. मग म्हणाले, मशीन परत पाठवा, कुरिअर तुमचं. पाठवलं. तीन आठवड्यांनी परत आलं, सोबत चिठ्ठी: 'दोष आढळला नाही.' दोन्हीकडचं कुरिअर माझ्या माथी. त्या संतापात जुलैचा मजकूर लिहिला.

मग रविवारी घरी फोन केला. अण्णांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "अरे, अर्थिंगला पाणी घातलंस का? उन्हाळ्यात आपण मीठ-कोळसा भरून वर घागरभर पाणी ओततो की!"

दोष तिथंच होता. झटका बसायचा तर वीज तारेतून जनावरात, पायांतून जमिनीत आणि जमिनीतून खुंटीवाटे मशीनमध्ये परत यायला हवी. कलहारी वाळवंटाची वाळू कोरडी पडली की ती वाटच तुटते. अंगोलातून येणारा पूर याच कोरड्या महिन्यांत डेल्टात पसरतो, पण धावपट्ट्या उंचवट्यावर, तिथली वाळू कोरडीठाक. आणि मशीनसोबत दिलेली खुंटी किती? वीतभरापेक्षा थोडी मोठी! कोरड्या वाळूत ती असून नसल्यासारखी. माहितीपत्रकात 'खुंटी जमिनीत ठोका' एवढं एकच वाक्य. वाळवंटाच्या दाराशी माल विकणाऱ्यानं हे लिहू नये? मशीन निर्दोष होतं, हे मला मान्य आहे. पण त्या एका वाक्याअभावी माझा एक टायर आणि दोन कुरिअर गेले.

पाणी ओतून पाहिलं. रात्र सरेपर्यंत वाळू पुन्हा कोरडी, आणि दर पट्टीवर मीठ-कोळशाचा खड्डा खणणं शक्य नाही. शेवटी तिसरी तार ओढली. वरची आणि खालची करंटची, मधली थेट मशीनच्या अर्थला. उंची अंदाजे २०, ४० आणि ६० सेंटीमीटर. तोंड खुपसणाऱ्या तरसाला दोन तारा एकदम लागतात आणि वीज वाळूत न जाता मधल्या तारेनं परत येते. तारांमध्ये मोजलं, तर ६००० च्या वर! ऑगस्टपासून नऊ मुक्काम झाले, टायर सगळे शाबूत. गेल्या आठवड्यात पहाटे वाळूत तीन तरसांचे माग तारेपर्यंत सरळ आलेले, तिथं वाळू उधळलेली, आणि परतीची पावलं लांब लांब पडलेली. मी बराच वेळ ते माग बघत उभा राहिलो. त्या खेपेला पाहुणे नव्हते, नुसता भाजीपाला होता. तरी तितकाच आनंद झाला.

हत्तींसाठी हे घेऊ नका. सुळ्यातून वीज जात नाही, आणि सुळ्यानं तार तोडायला हत्ती शिकतात. सावलीच्या मोहानं कॅमलथॉर्न बाभळीखाली विमान लावूच नये, त्याच्या शेंगा हत्तींना फार आवडतात.

तार विमानापासून हातभर लांब ठेवा. एकदा वाऱ्यानं ती पंखाच्या स्ट्रटला (पंख पेलणाऱ्या तिरक्या दांडीला) टेकली. टायर रबराचे, म्हणून सगळं विमान करंटमध्ये, आणि सकाळी दार उघडताना मला सणसणीत झटका. तेव्हापासून मशीन बंद करून बॅटरी सुटी केल्याशिवाय उड्डाणाआधी तपासायचा इंधनाचा नमुना काढत नाही, ठिणगीची भीती. तारांच्या पिशवीची लाल फीत कंट्रोल लॉकला (उभ्या विमानाचं सुकाणू अडकवणाऱ्या खिळीला) बांधलेली असते, तो काढताना आठवतंच, म्हणजे तारा गुंडाळल्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही.

बॅटरीसह वजन पाच किलोच्या आसपास. पाहुण्यांना २० किलोची मऊ बॅग सांगतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात, ९४० मीटर उंचीच्या माउनहून विरळ हवेत निघताना किलोकिलो मोजतो, त्यात हे पाच किलो मी आनंदानं धरतो.

आता चार तारे. पाचवा खुंटीनं खाल्ला. तिसरी तार, जादा खुंट्या आणि चार्जर वेगळे घ्यावे लागतात, ते किमतीत धरूनच मागवा.