१२ व्होल्ट म्हणाला आणि २३० सोडून गेला

आमचं शेत यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. घरापुढे आजोबांनी लावलेला निंब आहे. उन्हाळ्यात सगळं घर त्याच्याखालीच निजतं. गोठ्याच्या वाटेवर उजेड हवा होता. पोरं, गुरं फिरतात म्हणून १२ व्होल्टचेच दिवे ठरवले. त्याची केबल अर्धा फूट खोल पुरली तरी भागतं, म्हणजे कुदळीने उकरून निंबाची मुळं चुकवता आली असती.

ठेकेदाराने सगळं कबूल केलं. ५ वॅटचे १२ दिवे, घरच्या २३० व्होल्टचे १२ करणारा ट्रान्सफॉर्मर, तांब्याची केबल, एकूण ४६ हजार. ३५ हजार आगाऊ घेतले. मी केळीच्या गाडीसाठी रावेरला गेलो आणि नेमका त्याच दिवशी त्याने जेसीबी घातला. संध्याकाळी येऊन बघतो तर दोन फूट खोल चारी, ठिबकचा पाइप फुटलेला, आणि निंबाचं मांडीएवढं मूळ तुटून पांढरं पडलेलं. "नाना, झाडाला काही होत नाही," म्हणाला.

रात्री सगळे दिवे सारखेच लख्ख लागले. मला बरं वाटलं. खरं तर तिथेच ओळखायला हवं होतं. ६० वॅटला १२ व्होल्टवर ५ अँपिअर करंट लागतो. तो तसल्या बारीक वायरीतून दीडशे फूट नेला तर शेवटचा दिवा मंद व्हायलाच हवा.

मृगाच्या पावसात वासराने एका दिव्याला नाक लावलं आणि ते ओरडत मागे कोसळलं. वाचलं, पण माझे हातपाय गार पडले. तिथे माझी नात असती तर?

गावातल्या वायरमनने भिंतीवरचा डबा उघडला. आत ट्रान्सफॉर्मर नव्हताच. येणाऱ्या वायरी जाणाऱ्या वायरींना पिळून काळी टेप गुंडाळलेली. दिव्यापाशी मीटर लावला, २३० दाखवलं. ब्लेडने तार खरवडली तर वरून तांबूस, आत पांढरी. ॲल्युमिनियमवर नुसता मुलामा.

तुमच्याकडे असं काम चालू असेल तर चारी बुजवू देण्याआधी डबा उघडायला लावा, तार खरवडा, शेवटच्या दिव्यापाशी मीटरचा आकडा स्वतः वाचा. तोवर मोठी रक्कम हातात देऊ नका, आणि पक्की पावती सोडू नका. माझ्याकडे साध्या कागदावर लिहिलेला हिशोब आहे, तोच घेऊन १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. ठेकेदार फोन उचलत नाही.

निंबाला यंदा चैत्रात पालवी फुटली. चारीच्या बाजूच्या दोन फांद्या तेवढ्या कोरड्याच राहिल्या.