जमैकन रेगेच्या तबकड्या की इंग्लंडमधील स्टुडिओ पॉटरी?

१९६० आणि १९७० च्या दशकांतील, रेगे व त्याआधीच्या लोकप्रिय संगीताच्या जमैकन तबकड्या आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये कुंभार-कलावंतांनी आपापल्या छोट्या कार्यशाळांत घडवलेली मातीची भांडी, म्हणजेच स्टुडिओ पॉटरी, लंडनच्या जुन्या बाजारांत जवळजवळ मांडलेली दिसतात; मोजके पैसे बाजूला काढू शकणाऱ्याला मात्र त्यांपैकी एकाचाच संग्रह नीट करता येतो. माझ्या मते ही निवड करताना आवडीइतकाच आणखी एक विचार करावा: खरेदीत चूक झाली, तर ती ओळखायला आणि निस्तरायला किती वाव आहे?

तबकड्यांत असा वाव पुष्कळ आहे, कारण एकाच गाण्याच्या अनेक प्रती निघालेल्या असतात आणि आपली प्रत दुसरीशी ताडून पाहता येते. ताडण्याची गरज तर पदोपदी पडते. संगीत-निर्माते कॉक्सन डॉड यांनी १९६३ मध्ये जमैकाची राजधानी किंग्स्टन येथील ब्रेंटफर्ड रोडवर थाटलेल्या स्टुडिओ वन या ध्वनिमुद्रण स्टुडिओची गाजलेली गाणी पुढे कित्येक वर्षे पुन्हा पुन्हा छापली गेली, आणि सात इंची तबकडीच्या लेबलावर वर्ष पुष्कळदा नसतेच. म्हणून तबकडी दिव्याखाली तिरपी धरावी आणि शेवटची खोबणी व लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला क्रमांक शोधावा. त्यावरून मूळ साचा कळतो. पण त्याच साच्यावर नंतरही छपाई झालेली असू शकते, त्यामुळे लेबलाचा रंग आणि कागदही पाहावा लागतो. मधले भोक किंचित सरकलेले असल्याने सूर हेलकावणे, नवी कोरी तबकडीही खरखरणे, हे तिथल्या छपाईचे नेहमीचे दोष आहेत आणि ते मी मनापासून स्वीकारतो. सुईने झिजलेली खोबणी मात्र वेगळी: ती राखाडी पडते आणि गायकाचा आवाज चढतो तिथे फाटतो. ऐकल्याशिवाय तबकडी घेऊ नये. ज्याला स्वच्छ आवाज हवा, त्याने जमैकन संगीत ब्रिटनमध्ये छापणाऱ्या ट्रोजनसारख्या कंपनीच्या १९६८ नंतरच्या ब्रिटिश छपाईपासून सुरुवात करावी.

भांड्यांच्या बाबतीत चूक महागात पडते. इंग्रज कुंभार-कलावंत बर्नार्ड लीच आणि त्यांचे जपानी सहकारी शोजी हामादा यांनी १९२० मध्ये कॉर्नवॉलमधील सेंट आइव्हज येथे भट्टी उभारली. याच कलेतल्या लूसी री १९३८ मध्ये व्हिएन्नाहून लंडनला आल्या आणि १९४६ पासून हान्स कोपर त्यांच्या कार्यशाळेत त्यांच्यासोबत भांडी घडवू लागले. री यांचे उत्तम वाडगे आज लिलावात हजारो पौंडांना जातात, आणि ताडून पाहायला तंतोतंत दुसरा वाडगा मिळत नाही. भांडे उलटे करून झिलई न पोचलेली बुडाची कड पाहावी, तिच्यावरून बोट फिरवावे, मग घडवणाऱ्याने किंवा कार्यशाळेने मातीत उमटवलेला ठसा वाचावा. सेंट आइव्हजचा ठसा आहे म्हणून भांडे लीच यांच्याच हातचे ठरत नाही, कारण रोजच्या वापराची भांडी तिथले सहकारी घडवत. नुसत्या ठशावर भिस्त ठेवणे तसेही धोक्याचे आहे. १९८० च्या सुमारास इंग्लंडमधील एका तुरुंगात बनलेली नकली लीच भांडी थेट लिलावापर्यंत पोचली होती. बोटाच्या पेराने हलकेच वाजवल्यावर बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर असण्याचा संभव असतो, आणि रंगवून झाकलेली डागडुजी बऱ्याचदा अतिनील दिव्याखाली उघडी पडते.

हा संग्रह पुढे मुंबईत किंवा कोकणात आणायचा असेल, तर पावसाळ्यात तबकड्यांच्या कागदी पाकिटांना बुरशी धरते, तशी भाजलेल्या भांड्यांना सहसा धरत नाही; उलट प्रवासात टवका उडण्याची भीती भांड्यांनाच अधिक.

नवख्याने पहिले वर्षभर तबकड्याच घ्याव्यात, असे मी सुचवेन. त्या काळात व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील मृत्पात्रांची दालने वरचेवर पाहावीत आणि लिलावाआधीच्या प्रदर्शनांत मिळतील तितकी भांडी हातात घ्यावीत. त्यानंतरही ओढ टिकली, तर पहिली खरेदी मोठ्या नावाची न करता सेंट आइव्हजच्या रोजच्या वापरातल्या एखाद्या कपाची करावी, आणि तो कपाटात न ठेवता त्यातून चहा प्यावा.