रोजचा नेम: दिवस मोजावेत की खुणेला बांधावा?

रोज बारा सूर्यनमस्कारांचा नेम लावून घेताना मी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत. पहिली म्हणजे मोबाइलच्या ॲपवर सलग दिवसांची साखळी मोजणे आणि दुसरी म्हणजे नेम आधीपासूनच घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला, म्हणजेच खुणेला, जोडणे. माझ्या बाबतीत, दात घासून झाले की सतरंजी अंथरायची.

सुरुवात करून देण्यात साखळी सरस आहे, हे मान्य करायला हवे. आकडा वाढताना पाहण्याचा आनंद खरा असतो आणि तो तुटू नये एवढ्यासाठी मी ऐन थंडीतही उठलो. खुणेच्या पद्धतीत असे हाती लागणारे काही नसते. पहिले काही दिवस ती अगदीच बेचव वाटते.

माझा निर्णय मात्र एका गोष्टीने केला. एकेचाळिसाव्या दिवसाची सकाळ वडिलांच्या उशाशी रुग्णालयात उजाडली आणि घरी परतल्यावर ॲपवर शून्य दिसले. चाळीस दिवसांत शरीराला लागलेले वळण एका रात्रीत पुसले जात नाही, हे कळत असूनही मी त्या शून्यावर विश्वास ठेवला आणि पुढचे तीन आठवडे सतरंजी उलगडलीच नाही. जेनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन या मानसशास्त्रज्ञांनी पथ्य पाळणाऱ्यांत हेच टिपले होते: पथ्य मोडलेच आहे असे वाटले की माणूस उरलेला संयमही सोडून देतो.

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला, २०१० साली छापून आलेला अभ्यास मला म्हणूनच मोलाचा वाटतो. त्यात प्रत्येकाने आपली नवी कृती रोजच्या एका ठरावीक खुणेला जोडली होती. ती अंगवळणी पडायला लागणारा काळ १८ ते २५४ दिवस इतका वेगवेगळा निघाला, मध्यक ६६ दिवसांचा होता, आणि एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा अडथळा आला नाही.

ज्यांची कामाची पाळी सतत बदलते त्यांना पक्की खूण सापडणे कदाचित कठीण जाईल. त्यांनी घड्याळाच्या वेळेऐवजी अंघोळीसारखी कोणत्याही पाळीत न चुकणारी गोष्ट धरावी. ठरावीक मुदतीच्या कामाला, उदाहरणार्थ परीक्षेपूर्वीच्या महिनाभराच्या उजळणीला, साखळीही पुरेशी ठरावी. वर्षानुवर्षे चालवायच्या नेमासाठी मात्र मी खूणच सुचवेन, आणि साखळीचा मोह आवरत नसेल तर पहिले दोन आठवडे ती मोजून, तुटण्याआधीच ॲप काढून टाकावे.