हर्न हिल वेलोड्रोम, लंडन: ट्रॅकवर पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

सायकलवेड्या माणसाने लंडनमध्ये राहून हर्न हिलचं नवशिक्यांसाठीचं सत्र चुकवू नये. बर्बेज रोडवरच्या घरांमधून एक चिंचोळी वाट आत जाते आणि समोर सुमारे ४५० मीटरचा सायकल शर्यतींचा ट्रॅक उघडतो. १८९१ सालचा! १९४८ च्या ऑलिंपिकमधल्या ट्रॅकवरच्या शर्यती इथेच झाल्या.

सायकल, हेल्मेट तिथेच भाड्याने मिळतं. सायकलला ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. पाय थांबवायला गेलं की सायकल बैलाने ढुशी द्यावी तशी मागून उचलते. म्हणून प्रशिक्षक आधी कठड्याला धरून उभं करतात, मग आतल्या कडेने सावकाश फेऱ्या मारायला लावतात, आणि पायांनी उलटा जोर देत वेग कसा उतरवायचा ते घोटून घेतात. इनडोअर ट्रॅकच्या मानाने वळणांवरचा तिरका चढ बराच सौम्य आहे, त्यामुळे भीती लवकर जाते. शिकवणं अतिशय मनापासूनचं.

मला हे सत्र मोलाचं वाटतं ते कॅटफर्डमुळे. हर्न हिलपासून जवळच, कॅटफर्डला, व्हिक्टोरियन काळातच दुसरा ट्रॅक होता. जून १८९६ मध्ये सिम्पसन नावाच्या कारखानदाराने आपली त्रिकोणी कड्यांची चेन साध्या चेनपेक्षा वेगवान आहे हे दाखवायला तिथे पैजेच्या शर्यती लावल्या. हजारो लोक लोटले. पाच मैलांत सिम्पसनच्या चेनवर बसलेल्या, वेल्सच्या छोट्या चणीच्या जिमी मायकेलने साध्या चेनवरच्या चार्ली बार्डनला हरवलं. त्या चेनच्या जाहिरातीचं पोस्टर फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेकने केलं. चेन पुढे टिकली नाही, कारण तिच्यात जादा ताकद नव्हतीच. दोन्ही बाजूंच्या तगड्या पेसिंग जथ्यांचाच, म्हणजे स्पर्धकापुढे राहून वारा अडवणाऱ्या, वेग ठरवणाऱ्या सायकलस्वारांचाच तो खेळ होता, असं माझं स्पष्ट मत. ट्रॅकही गेला, त्यावर घरं उभी राहिली. आता तिथे स्पोर्ट्सबँक स्ट्रीट आहे.

पोस्टर एखाद्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर दिसेल. पण मायकेलचे पाय त्या चेनने कसे ओढले असतील, हे हर्न हिलच्या दुसऱ्या वळणावर कळतं. शक्य झालं तर त्याच दिवशी कॅटफर्डलाही चक्कर मारा.

जाताना घट्ट पायाची पँट घाला, सैल पायघोळ चेनमध्ये अडकतो. हातमोजे न्या. ट्रॅक उघड्यावर आहे, तेव्हा हवामान बघून निघा. नॉर्थ डलिच स्टेशनवरून चालत जाता येतं.